बोडीचा घेर किती?

गोंदियाजवळचं बिरसी म्हटलं की विमानतळ आठवतो. पण गोंदिया जिल्हा आहे तलावांचा आणि धानाचा, त्यामुळे इथला खरा हिशेब बोडीचा, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याचा. सातबाऱ्यावर क्षेत्र मिळतं ते आरमध्ये. कुंपणाची तार मात्र विकत घ्यायची मीटरवर. मग क्षेत्रावरून घेर काढायचा कसा?

समजा, बोडी अगदी गोल आहे (असते थोडीच!) आणि क्षेत्र 38.5 आर, म्हणजे 3850 चौरस मीटर. त्याला 7 ने भागा : 550. 88 ने गुणा : 48,400. वर्गमूळ 220. झाला परीघ, 220 मीटर. त्रिज्या काढायची गरजच पडली नाही.

हे 88 आणि 7 आले कुठून? परिघाचा वर्ग म्हणजे क्षेत्रफळाची 4π पट, आणि π साठी 22/7 घेतला की 88/7. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. 1150) 22/7 हे ढोबळ कामासाठी, तर 3927/1250 हे सूक्ष्म कामासाठी दिलं आहे. सूक्ष्म मान घेतलं, तर आपल्या बोडीच्या घेरात फरक पडतो सुमारे 4 सेंटिमीटरचा, जेमतेम दोन बोटं. तारेच्या गाठीतच तेवढी जाते.

तेवढ्याच क्षेत्राच्या चौरस बांधीला (धानाच्या खाचराला) मात्र 248 मीटर तार लागेल. आणि बोडी चौपट केली तरी घेर दुपटीवरच थांबतो.