शेड कार्डावर न दिसणारा फरक

एका ऑफ-व्हाइटमध्ये किंचित पिवळसर झाक, दुसऱ्यात किंचित राखाडी. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनांत दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात आणि त्यातला एक अंदाजाने निवडला जातो. माझ्या मते ही निवड दुकानात होऊच शकत नाही, कारण निम्मी झाक डब्यातून येते आणि निम्मी खोलीतून. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली पहिला रंग सायीसारखा दाट दिसतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली दुसरा निळसर पडतो. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, त्यामुळे कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक चारही भिंतींना लागली की गडद होते. शेजारचा रंगही डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी दाखवून दिले की दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे. याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. म्हणूनच जुन्या हिरवट भिंतीवर नमुन्याचा पट्टा मारला तर राखाडी पांढरा उगाचच गुलाबी वाटतो. त्यापेक्षा मोठ्या पुठ्ठ्यावर, कडेने पांढरी पट्टी सोडून, दोन हात द्यावेत. ओला इमल्शन वाळल्यावर वेगळा दिसतो, म्हणून तो पूर्ण वाळू द्यावा. मग पुठ्ठा खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा.

यावर कोणी म्हणेल, आठवड्याभरात डोळा सरावतो, मग एवढा खटाटोप कशाला? डोळा सरावतो हे खरेच. पण फरशी, दाराची चौकट आणि पांढरे छत भिंतीला खेटून कायम असतात, त्यामुळे तुलना थांबत नाही. पिवळसर फरशीजवळ राखाडी भिंत मळकट वाटली, तर ती रोजच तशी वाटणार. वेळ आणि पैसा वाया जातो, हा आक्षेपही टिकत नाही. खरा खर्च घासकाम, पुट्टी, प्रायमर आणि मजुरीचा असतो. त्यापुढे नमुन्याच्या छोट्या डब्याची किंमत किरकोळ आहे, आणि चुकलेली खोली पुन्हा रंगवायची तर मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते. दोन पुठ्ठे शेजारी ठेवले की कोणत्या रंगात कसली झाक आहे ते कळते. निर्णय मात्र एकेक पुठ्ठा स्वतंत्रपणे पाहूनच घ्यावा, कारण भिंतीवर शेवटी एकच रंग राहणार आहे आणि त्याला जुळवून घ्यायचे आहे ते फरशीशी आणि चौकटीशी.