रात्री बारानंतरचं पार्सल

कविसंमेलन संपतं, आभार मानून होतात, शाल-श्रीफळ पिशवीत जातं आणि लॉजवरच्या एखाद्या खोलीत दुसरं संमेलन सुरू होतं. मी पीत नाही. मित्रांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट सोयच वाटते. साडेबाराच्या सुमारास बाटली तळाला जाते, कुणीतरी म्हणतं, "काहीतरी चमचमीत पाहिजे राव," आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. खोलीत सरळ चालू शकणारा मी एकटाच उरलेला असतो. मग मी चपला पायात अडकवतो आणि एस.टी. स्टँडच्या बाजूला एखादी गाडी चालू आहे का, ते बघायला निघतो.

गंमत अशी, की हीच मंडळी नऊ वाजता संयोजकांच्या घरी पोटभर जेवलेली असतात. पुरणपोळीला नको नको म्हणालेली असतात. आणि आता अंडाभुर्जीच्या पुड्या सोडल्या, की चार दिवसांच्या उपाशासारखी तुटून पडतात. ही भूक कसली, हा प्रश्न मला फार जुना आहे. कारण माझं लहानपण याच भुकेवर पोसलं गेलं.

माझे वडील लालबागला भुर्जीपावची गाडी लावायचे. गल्लीच्या एका टोकाला गिरणीचं गेट, दुसऱ्या टोकाला देशी दारूचं दुकान आणि मधोमध अब्बांची गाडी. जागा त्यांनी विचार करूनच निवडली होती. मी आठ-नऊ वर्षांचा झालो, म्हणजे १९७८-७९च्या सुमाराला, कांदा चिरायला त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. दुसरी पाळी सुटायची आणि रातपाळी भरायची, तो आमचा धंद्याचा वेळ. पगाराच्या रात्री तर अंड्यांचे ट्रे कमी पडायचे.

पंपाचा स्टोव्ह, त्यावर काळा कुळकुळीत तवा. कांदा तेलात पडला की आधी आवाज यायचा, मग वास. हिरवी मिरची, टोमॅटो, हळद, लाल तिखट. कांदा गळायला लागला की अब्बा अंडी तव्याच्या काठावर आपटून एका हातानं फोडायचे आणि दुसऱ्या हातातला कलथा सुरू व्हायचा. ती टकटक हीच आमची जाहिरात. शेवटी त्याच तव्यावर, मसाल्याच्या उरलेल्या तेलात, लादीपाव दाबून भाजायचा. भुर्जीपेक्षा हा पाव चांगला लागतो असं माझं मत आहे. घरात ते कधी कुणाला पटलं नाही.

गिऱ्हाईक वीस पावलांवर असतानाच अब्बा चालीवरून ओळखायचे, हा गिरणीकडून आलाय की दुकानाकडून. दुकानाकडून आलेल्याला मीठ-मिरची अंमळ जास्त, वर अर्धं लिंबू. "याची जीभ बधिर झालीय, नुसतं मीठ त्याला कळायचं नाही," ते म्हणायचे. पण प्लेट हातात देण्याआधी ते त्याला पिंपातलं एक गार ग्लास पाणी प्यायला लावायचे. यामागचं शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. शरीरातलं पाणी धरून ठेवायला मूत्रपिंडांना सांगणारं एक संप्रेरक असतं. दारू ते दाबून टाकते. म्हणून पिणारा सारखा मोरीकडे पळतो, त्याचा घसा कोरडा पडतो आणि सकाळी डोकं धरून बसतो. अब्बा चौथी शिकलेले. त्यांना संप्रेरक ठाऊक नव्हतं, पिंप ठाऊक होतं.

भुकेचं कोडं याहून विचित्र आहे. दारूत ताकद कमी नसते. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी असतात, तर एक ग्रॅम मद्यार्कात सात. म्हणजे हिशेबानं पिणाऱ्याचं पोट भरायला हवं, त्याची भूक मेली पाहिजे. होतं उलटंच. पूर्वी म्हणायचे, मित्रांची संगत, समोरचा चखणा आणि सुटलेला संयम, यामुळं माणूस खात सुटतो. मग २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना सलग तीन दिवस मद्यार्क दिला. उंदराला ना बार, ना दोस्त, ना कोपऱ्यावर कुणाची गाडी. तरी त्या तीन दिवसांत त्यांचं खाणं वाढलं. मेंदूत काही पेशी अशा असतात, की उपास घडला की त्या जाग्या होतात आणि 'खा, खा' म्हणून टुमणं लावतात. त्याच पेशी मद्यार्कानं जाग्या केल्या होत्या. त्यांचं काम बंद पाडलं, तेव्हा जादा खाणंही थांबलं. म्हणजे पोट भरलेलं असताना दारू मेंदूला उपासाची खोटी बातमी देते. माझे कविमित्र पुरणपोळी पचायच्या आत उपाशी होतात, ते त्यामुळं.

खोट्या बातमीवर का असेना, पण मिळणारं सुख खरं असतं. ते मी हजार चेहऱ्यांवर पाहिलंय. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, दोन घोट पोटात गेल्यावर फुटपाथवर उकिडवा बसायचा, पावाचा पहिला तुकडा गरम भुर्जीत बुडवायचा आणि डोळे मिटायचा. तिखटानं नाक वाहायला लागायचं. शेजारचा, दिवसा ज्याच्याशी युनियनवरून भांडण झालेलं, तोच आपल्या प्लेटमधला कांदा याच्याकडे सरकवायचा. त्या वेळी कुणी घाईत नसायचं.

आणि मग पार्सल. "चाचा, एक पार्सल बांधा. तिखट कमी, पोरं खाणार आहेत." पळसाच्या पानावर भुर्जी, वर पाव, बाहेरून वर्तमानपत्राचा कागद आणि दोरा. (रविवारची पुरवणी अब्बांना फार उपयोगी वाटायची. आता छपाईच्या शाईमुळं अन्न अशा कागदात बांधू नका, असं सरकार सांगतं, तेही बरोबरच आहे.) पगारातला मोठा भाग दुकानावर ठेवून आलेल्या माणसाच्या हातात ही पुडी असली, की दार उघडताना बायकोची पहिली नजर तोंडाऐवजी पुडीवर जाईल, असा त्याचा हिशेब. हिशेब नेहमी जुळायचा असं नाही. चाळीच्या जिन्यात भिरकावलेली पुडी मी पाहिली आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा सांगायचा, बाप मध्यरात्री उठवून भुर्जी भरवतो, फार मस्त लागते; आणि सकाळी आईशी कुणी बोलत नाही. म्हणून या सुखाबद्दल मी जरा सांभाळूनच बोलतो.

आता एक गोष्ट, जी रेडिओवर सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या गाडीवर साताऱ्याकडचा एक साचेवाला नेहमी यायचा. आमच्या सगळ्या गल्लीचा तेव्हा पक्का समज होता, की तिखट-तेलकट खाल्लं, वर लिंबू चोखलं, की चढलेली उतरते. 'उतारा' शब्दच त्यासाठी. एका रात्री तो डबल भुर्जी खाऊन उठला, तोंड धुतलं, म्हणाला, "उतरली चाचा, एकदम उतरली." अब्बांना ते खरं वाटलं, मलाही. पूल लांब पडतो म्हणून तो रूळ ओलांडून निघाला. तेराव्यानंतर त्याचा भाऊ आला आणि उधारीचे सात रुपये देऊन गेला. अब्बा नको म्हणत होते, त्यानं ऐकलं नाही.

खाल्ल्यानं दारू उतरत नाही. हे ज्यानं त्यानं नीट समजून घ्यावं. पिण्याआधी किंवा पिताना पोटात अन्न असलं, तर दारू जठरात जास्त वेळ थांबते आणि रक्तात सावकाश जाते, तेवढाच फायदा. एकदा रक्तात गेली, की ती बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृताचं, आणि यकृत आपल्या गतीनं चालतं. एका छोट्या पेगाला तासभर, कधी जास्त. भुर्जी, लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही ते घाई करत नाही. खाऊन माणसाला बरं वाटतं, तरतरी आल्यासारखी वाटते आणि धोका नेमका तिथंच असतो.

त्यानंतर अब्बांनी नियम केला. ज्याची चाल बिघडलेली, त्याचं पार्सल त्याच्या हातात द्यायचं नाही, ते मी धरायचं आणि त्याला चाळीच्या तोंडापर्यंत पोचवून मगच सोपवायचं. त्यामुळं दहा-अकरा वर्षांचा मी, हातात गरम पुडी घेऊन, मोठाल्या गड्यांना पुलावरून घरी नेत असे. ते बोलत चालायचे. कुणी अभंग म्हणायचा, कुणी मुकादमाला इरसाल शिव्या घालायचा, कुणी गावच्या विहिरीचं पाणी आठवून रडायचा. घरी आम्ही दखनी बोलायचो. माझं अर्धं मराठी त्या पुलावरचं आहे.

अम्मीला हा धंदा पसंत नव्हता. गाडीचे पैसे ती वेगळ्या डब्यात ठेवायची आणि ईदचे कपडे स्वतःच्या शिलाईच्या पैशातून आणायची. "पिणाऱ्यांच्या खिशातला पैसा," एवढंच म्हणायची. अब्बा म्हणायचे, "मी अंडी विकतो." हे भांडण आमच्याच घरातलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कुलाब्याला ताजच्या पाठीमागं १९४६ पासून 'बडेमियाँ'चे कबाब निखाऱ्यावर भाजले जातायत आणि बारमधून निघालेल्या किती पिढ्यांनी ते मोटारीच्या बॉनेटवर ठेवून खाल्लेत! इंग्लंडात पब रात्री अकराला बंद व्हायचे तेव्हा लोक जिथं घुसायचे, त्यातली पुष्कळ 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटच्या बंगाली मुसलमानांची. १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत गेले आणि पुढं बर्लिनच्या रात्रीला त्यांनी पावात भरलेला डोनर कबाब दिला. शिकायला लंडनला गेलेला माझा भाचा शनिवारी रात्री अशाच एका दुकानात पार्सलं बांधायचा. फोनवर म्हणाला, "मामू, इथंही आपलीच गाडी आहे. फक्त थंडी जास्त." ज्यांच्या घरात दारू चालत नाही, त्यांनीच पिणाऱ्यांच्या पोटाची काळजी वाहायची, असं हे जगभर चाललेलं आहे.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. दारूचं दुकान ओस पडायला लागलं, तरी आमची गाडी अब्बांनी बंद केली नाही. लोक यायचे, आता सरळ चालत यायचे आणि वास घेत उभे राहायचे. अब्बा वही उघडायचे. पावसाळ्यात पावाचेही पैसे निघेनात, तेव्हा अम्मी न सांगता रोज रात्री चपात्यांची चवड फडक्यात बांधून माझ्या हाती द्यायला लागली. डब्याचा विषय पुन्हा तिनं काढला नाही. ती वही माझ्याकडे आहे. चाळीसेक नावांसमोर अब्बांनी रक्कम खोडून फक्त 'गावी' असं लिहिलंय.

आता मोबाइलवर बोट ठेवलं की रात्री दोन वाजतासुद्धा शहरात बिर्याणी दारात येते. आणून देणारा पोरगा बिचारा पुढच्या ऑर्डरच्या घाईत. त्यानं कुणाची चाल कधी बघायची? तालुक्याच्या गावी मात्र अजून मलाच जावं लागतं. मागच्या महिन्यात भुर्जी खाऊन एक मित्र तरतरीत झाला आणि मोटारीची किल्ली शोधायला लागला, त्याला रातोरात घर गाठायचं होतं. मी पाण्याचा जग भरून आणला, त्याच्यासमोर आणखी एक पुडी सोडली आणि किल्ली माझ्या खिशात आहे, हे त्याला सांगितलं नाही. हातात पाव तसाच धरून तो झोपी गेला.