अनुभवाचे प्रामाण्य

मंद्रूप हे गाव सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सीना व भीमा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात वसलेले आहे. मुलूख जोंधळ्याचा, बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. येथून पश्चिमेस गेले की पंढरपूर लागते. उत्तरेस सोलापुरात सिद्धेश्वराचे तळे व मंदिर आहे आणि त्याच्याही पुढे तुळजापूर. पूर्वेस अक्कलकोट, व त्यापलीकडे गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, १४२२ साली दिवंगत झालेल्या ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आहे. सोलापुरात अमेरिकन मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले.

अशा गावी एखाद्या सायंकाळी रस्त्याकडेच्या लिंबाखाली चार वाटसरू एकत्र बसले आहेत, अशी कल्पना केली तर ती फारशी ओढूनताणून आणलेली ठरणार नाही. एक वारकरी आहे. कीर्तनात उभे असता त्याचे देहभान हरपले आणि विठ्ठल आपल्यासमोर उभा आहे असे त्याने निःसंशय जाणले. दुसरा सिद्धेश्वराचा भक्त. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत असता देवाने आपल्या खांद्यावर हात ठेवला, असे तो सांगतो. तिसरा गुलबर्ग्याच्या उरुसाहून परतत आहे. मजारीपाशी त्याच्या अंतःकरणात जी शांती उतरली ती त्याने पूर्वी कधीही अनुभवली नव्हती. चौथा ख्रिस्ती शाळामास्तर. एका रात्री प्रार्थना करीत असता आपल्या पापांची क्षमा झाली, अशी त्याची खात्री पटली. चौघेही सत्यवचनी आहेत, आणि खोटे बोलून कोणाचाही काही लाभ व्हावयाचा नाही. आता यांपैकी प्रत्येकजण म्हणू लागला की, ‘मला आलेला अनुभव हाच माझा धर्म खरा व इतरांचे धर्म खोटे असल्याचा पुरावा होय’, तर ज्याला असा कोणताच अनुभव आलेला नाही अशा पाचव्या माणसाने काय समजावे?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा आहे असे कोणी मानू नये. त्याच्यापायी महाराष्ट्रातील घरे दुभंगलेली आहेत. नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावाकडे आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना जे प्रतीत झाले त्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परंतु त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटाशेजारी वाढलेली. तिला ते प्रतीत झालेले नव्हते. पतीच्या हृदयात काय घडले हे तिला कोणत्या इंद्रियाने दिसावे? तिला दिसला तो लोकापवाद, मुलाची ओढाताण आणि सोवळ्याओवळ्याने आखलेल्या आपल्या जगाचा अंत. ती माहेरच्या माणसांपाशी राहिली, काही काळ पंढरपुरातही राहिली. पतीच्या अनुभवाने तिचे प्रेम नष्ट केले नाही; मात्र तिच्यापुरते काहीही सिद्धही केले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ वाचताना ही गोष्ट पानोपानी जाणवते, आणि त्या बाईंच्या प्रांजळपणाची थोरवीही याच ठिकाणी आहे.

याच्या उलट बाजूचे चित्र सुमारे अडीच शतके आधीचे आहे. संत बहिणाबाईंना तुकाराम महाराजांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. तोवर त्यांनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. पती वेदशास्त्राचा अभिमानी ब्राह्मण. बायकोने शूद्राला गुरू मानावे हे त्याला सहन होईना, आणि बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्या छळाची हकीकत नोंदविली आहे. येथे तर धर्म एक, देव एक, घर एक; तरीही एकीचे स्वप्न दुसऱ्याला प्रमाण होईना.

याचे कारण आपल्या न्यायशास्त्रात शोधले तर ते सहज सापडते. ज्याला अनुभव आला त्याच्या दृष्टीने तो प्रत्यक्षासारखा आहे. परंतु तो दुसऱ्याला सांगितल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते शब्दप्रमाण होते, म्हणजे कोणा विश्वासू माणसाची साक्ष होते. साक्षीचे मोल साक्षीदाराच्या सचोटीवर अवलंबून असते हे खरे. पण सारख्याच सचोटीचे चार साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देऊ लागले म्हणजे केवळ सचोटी पुरत नाही. नैयायिक याला सत्प्रतिपक्ष म्हणतात: एक हेतू जे सिद्ध करू पाहतो त्याच्या नेमके उलट सिद्ध करणारा दुसरा हेतू तितक्याच बळाने समोर उभा राहतो, आणि दोन्ही निष्फळ होतात. स्कॉटिश तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली चमत्कारांविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला. निरनिराळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांची साक्ष खोडून काढतात, असे त्याचे म्हणणे.

याहून मूलगामी दोष आणखी एक आहे. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत हा जाणता येण्याजोगा पदार्थ आहे’ असे कोणी म्हटले, तर तर्कशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही हसेल. कारण जाणता येण्याजोगे सरोवरही असते आणि तेथे अग्नी नसतो. जो हेतू साध्य असेल तेथेही आढळतो आणि नसेल तेथेही आढळतो, त्याने साध्य सिद्ध होत नाही. उत्कट अनुभव हा हेतू या जातीचा आहे. तो वारकऱ्यापाशी आहे आणि सूफीपाशीही आहे. मग त्यावरून दोघांपैकी कोणा एकाचाच धर्म खरा, हे कसे निघावे?

यावर श्रद्धावान माणूस उत्तर देईल की, माझा अनुभव अस्सल आहे, इतरांचा भ्रम आहे. असे असणे अशक्य नाही. परंतु अस्सल आणि भ्रम यांतला फरक कशावरून ओळखावा? ‘माझ्या धर्मग्रंथाशी जुळतो तो अस्सल’ असे म्हटले, तर ग्रंथ कशावरून खरा, या प्रश्नाला ‘माझ्या अनुभवावरून’ हे उत्तर आता देता येणार नाही. तो उघड अन्योन्याश्रय होईल. अनुभवाबाहेरची कोणतीही कसोटी आणली की मग पुरावा ती कसोटी ठरते, अनुभव नव्हे.

या गोष्टीची ठळक साक्ष दोन अनुभवांत मिळते. पंजाबातील शीख कुळात जन्मलेले सुंदरसिंग हे मिशनच्या शाळेत शिकले होते. ख्रिस्ती धर्माच्या द्वेषाने त्यांनी बायबलची पाने जाळली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९०४ मध्ये, त्यांना येशूचे दर्शन झाले. ते ख्रिस्ती झाले आणि साधू सुंदरसिंग या नावाने सर्वत्र ओळखले गेले. रामकृष्ण परमहंसांनाही १८७४ साली, मेरी व बाल येशू यांचे चित्र पाहिल्यानंतर, ख्रिस्ताचे दर्शन घडले. ते मात्र अखेरपर्यंत दक्षिणेश्वरच्या कालीमातेचेच भक्त राहिले व सर्व मार्ग एकाच ठिकाणी जातात असे सांगत राहिले. दर्शन एकाचेच, निष्कर्ष दोन. तेव्हा निष्कर्ष दर्शनातून आपोआप गळून पडत नाही. तो काढणाऱ्याच्या मनात आधीपासून जे साठलेले असते त्याचाही त्यात वाटा असतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्या स्वच्छ सांगतात की, आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अंतरीचा अनुभव सुमारे आठ वर्षांनी आला. अर्थात त्यांनी धर्म स्वीकारला तो अन्य कारणांनी: शास्त्रांत स्त्रियांस दिलेले स्थान पाहून आलेला उद्वेग, आणि पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे प्रत्यक्ष दिसलेले आचरण. ही कारणे दुसऱ्याला दाखविता येतात, त्यांवर वाद घालता येतो. अनुभव मागाहून आला आणि त्याने आधीच घेतलेला निर्णय दृढ केला.

मग अनुभवाला काहीच किंमत नाही काय? असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आततायीपणा होईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १९०१ व १९०२ साली एडिंबरो येथे धर्मानुभवाच्या प्रकारांवर जी व्याख्याने दिली, त्यांत त्याने मोठा समंजस निवाडा केला आहे. गूढानुभव हा ज्याला आला त्याच्यावर अधिकार चालवितो, आणि तसा अधिकार चालविण्याचा त्याला हक्कही आहे; बाहेरच्या माणसाने तो निमूटपणे मान्य करावा असे बंधन मात्र नाही. याबरोबरच जेम्स बुद्धिवाद्यांनाही बजावतो की, नेहमीची जागृत बुद्धी हाच ज्ञानाचा एकमेव दरवाजा आहे ही त्यांची समजूत या अनुभवांमुळे डळमळते. नैयायिकांची भूमिका याच्या जवळ जाणारी, परंतु थोडी कडक आहे. त्यांच्या मते कोणतेही ज्ञान खरे आहे की नाही हे त्या ज्ञानावरून कळत नाही. त्यावर विसंबून कृती केली असता ती सफळ होते की नाही, यावरून कळते. वाळवंटात पाणी दिसले. जाऊन तहान भागली तर पाणी, नाही तर मृगजळ. धर्मानुभवाला ही कसोटी लावली तर माणूस अधिक दयाळू, अधिक निर्भय, अधिक निर्लोभी झाला काय, हे पाहावे लागते. कसोटी चांगली आहे, आणि सामान्य माणूस नेहमी तीच लावतो. परंतु तिनेही एका धर्माचा दुसऱ्यावर विजय होत नाही. कारण अशी माणसे सर्वच धर्मांत निपजली आहेत, आणि त्यांच्या उलट माणसांचाही कोठे तुटवडा नाही.

मंद्रूपहून त्याच रस्त्याच्या दिशेने भीमा ओलांडून दक्षिणेस गेले की सोलापूर–विजापूर लोहमार्गावर निंबाळ लागते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम तेथे आहे. १९५७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची गुरुपरंपरा या वादात मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. तिचे आद्य पुरुष निंबर्गी महाराज हे लिंगायत, त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज हे देशस्थ ब्राह्मण, आणि भाऊसाहेबांचे शिष्य रानडे. महाराष्ट्रीय संतांच्या गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात रानडे म्हणतात की, निरनिराळ्या देशांतील व काळांतील साक्षात्कारी पुरुषांच्या अनुभवांत जी सार्वत्रिकता आढळते तीच त्या अनुभवांच्या सत्यतेची ग्वाही होय. भेदाच्या ऐवजी साम्यावर भर देणारा हा युक्तिवाद उदार आहे आणि भांडणे मिटविणारा आहे. तथापि त्यालाही मर्यादा आहे. पाण्यात बुडविलेली काठी सर्वांनाच वाकडी दिसते. सार्वत्रिकता हा सत्याचा संभव वाढविते, निश्चय करीत नाही. शिवाय साम्य दाखविण्यासाठी प्रत्येकाच्या अनुभवातील विशेष वगळावे लागते. ‘मीच ब्रह्म’ असे म्हणणारा आणि ‘मी पापी, तू तारक’ असे म्हणणारा, हे दोघे एकच सांगत आहेत असे ठरविणे म्हणजे दोघांच्याही तोंडचे शब्द काढून घेणे होय. आपला धर्म खरा ठरविणाऱ्याइतकेच, सर्व धर्म एक ठरविणाऱ्यालाही अनुभवाकडून तो देत नाही अशी साक्ष हवी असते.

या भागातील सर्वांत जुनी कथा सिद्धरामाची, म्हणजेच सोलापूरच्या सिद्धेश्वराची. बाराव्या शतकातील हा पुरुष. परंपरा सांगते की, लहानपणी रानात राखण करीत असता श्रीशैलाचा मल्लिकार्जुन जंगमाच्या रूपाने त्याच्यापाशी आला, त्याने खावयास मागितले, आणि मुलगा घरून अन्न घेऊन परततो तो पाहुणा नाहीसा. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत मुलगा श्रीशैलापर्यंत गेला. तेथील लिंग पाहून त्याचे समाधान होईना, त्याला आपल्या शेतात आलेला मल्लय्या हवा होता. कड्यावरून उडी टाकावयास तो निघाला तेव्हा देवाने त्याला दर्शन दिले. परतून त्याने सोन्नलगीस, म्हणजे आजच्या सोलापुरास, तळे खोदविले, देवालय बांधविले, लिंगांची स्थापना केली. यापेक्षा बळकट अनुभव कोणता असावयाचा?

आणि तरीही ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलगीस येऊन या सिद्धपुरुषालाच जाब विचारतात. तळी खोदणे, देवळे बांधणे यांत तो गुंतला आहे, जो देव आत शोधावयाचा तो त्याने बाहेर बांधला आहे, असा त्यांचा आक्षेप. दर्शन खोटे होते असे अल्लम म्हणत नाहीत. त्या दर्शनाचा सिद्धरामाने घेतलेला अर्थ अपुरा आहे, असे म्हणतात. पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणास गेला. तेथील शरणांच्या सभेचे नाव परंपरेने ‘अनुभवमंटप’ असे जपले आहे, हे येथे विसरून चालणार नाही. अनुभव हा त्या सभेत शेवटचा शब्द नव्हता, तो चर्चेस घ्यावयाचा विषय होता. तेथे चन्नबसवण्णांकडून सिद्धरामाने दीक्षा घेतली. त्याच्या वचनांच्या अखेरीस येणारी मुद्रा मात्र ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशीच आहे. शेतात भेटलेल्या देवाचे नाव त्याने सोडले नाही.

लक्ष्मीबाई टिळकही पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. पण टिळकांच्या अनुभवाने नव्हे, स्वतःच्या पायांनी, एकेक सोवळे उतरवीत. टिळकांनी आपल्या ख्रिस्तभक्तीत तुकोबांचे ऋण कधी नाकारले नाही. १९१७ साली तर अंतरीच्या प्रेरणेने त्यांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. ज्या अनुभवाने ते ख्रिस्ती झाले त्याच जातीच्या अनुभवाने ते ख्रिस्ती संस्थेबाहेर पडले. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले चौसष्ट अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले, तेही ज्ञानेश्वरीच्याच ओवीत.