जुना व्हाईस घेताना : पैसे लोखंडाला द्यावेत की कामाला?



कोयत्याला कानस मारायची आहे, नांगराच्या फाळाचा गंजलेला बोल्ट सोडवायचा आहे, पंपाचा पाइप कापायचा आहे. वस्तू घट्ट धरायला काही नसेल तर माणूस पायाखाली दाबून धरतो. मग वस्तू निसटते आणि कोयता हाताला लागतो. ऐन भात कापणीत हात कापला तर हंगाम गेला. म्हणून वाडीत एक चांगला व्हाईस असावा. चार घरांनी मिळून घेतला तरी चालेल.

नवा व्हाईस महाग वाटतो, म्हणून आपण जुना शोधतो. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी या तानसाकाठच्या पट्ट्याला भिवंडी जवळ आहे. तिथे यंत्रमाग मोडीत निघतात, तेव्हा भंगारात मागांच्या सुट्या भागांबरोबर वर्कशॉपची हत्यारेही येतात. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारातही जुने व्हाईस दिसतात. काही उत्तम असतात, काही नुसते रंगवलेले असतात. यातला फरक ओळखायचा कसा, ते बघू.

आधी जात ओळखा

व्हाईस मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक टेबलाला बोल्टने बसवायचा. हा बहुधा बिडाचा असतो. कानस मारायला, पाइप कापायला, आटे पाडायला तो उत्तम. पण बीड ठिसूळ असते. त्यावर घणाचे घाव घातले तर आज ना उद्या तडा जाणारच.

दुसरा लोहाराचा, पायाचा व्हाईस. हा घडीव लोखंडाचा असतो आणि त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो. वरून घाव बसला की धक्का पायातून जमिनीत उतरतो, मळसूत्रावर येत नाही. तापवलेली पट्टी वाकवायची असेल तर हाच घ्यावा. याचा पुढचा जबडा खालच्या खिळीवर फिरत उघडतो, त्यामुळे जाड वस्तू धरली की जबडे समांतर राहत नाहीत. हा दोष नव्हे, ती त्याची रचनाच आहे. म्हणून आपले काम कोणते ते आधी ठरवा आणि मगच बाजारात जा.

तपासणी कशी करावी?

सोबत रॉकेल किंवा डिझेलने भिजवलेले फडके, खडूचा तुकडा, लहान हातोडी आणि कागदाच्या दोन पट्ट्या न्या.

१) मळसूत्र आणि नट. व्हाईसचा जीव इथे आहे. दांडी फिरवून मळसूत्र पूर्ण बाहेर काढायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर सावध व्हा. ग्रीस पुसून टाका, कारण घट्ट ग्रीसखाली झीज लपते. चौकोनी आट्यांचे माथे सपाट असावेत. ते सुरीच्या धारेसारखे झाले असतील तर मळसूत्र झिजले आहे. संपूर्ण लांबीवर बघा आणि सर्वांत कमी झिजलेल्या आट्याशी बाकीच्यांची तुलना करा.

नटाच्या आत बॅटरी मारून पाहा. फार जुन्या पायाच्या व्हाईसमध्ये नटातले आटे वेगळे करून पितळेने जोडलेले असत. ती जोडणी सुटली असेल तर व्हाईस पकडणार नाही. पुढे इंग्लंडच्या पीटर राइटसारख्या कारखान्यांनी एकसंध नटाचे व्हाईस काढले, त्यांवर तसा शिक्का आढळतो. पण शिक्का बघून भुलू नका. झिजलेला नामांकित व्हाईसही झिजलेलाच असतो.

आता मळसूत्र निम्मे आत घालून पुढे-मागे ढकला. थोडे हलणे साहजिक आहे. पण आट्याच्या जाडीच्या निम्म्याइतके हलत असेल तर सोडून द्या.

२) जबडे. कागदाच्या पट्ट्या दोन्ही कोपऱ्यांत धरून जबडा आवळा. दोन्ही सारख्याच घट्ट बसायला हव्यात. एक सुटून आली तर जबडा वाकडा आहे किंवा खालची खिळ झिजली आहे. पायाच्या व्हाईसचे जबडे मिटले की आधी वरच्या कडा टेकाव्यात, खाली किंचित फट राहिली तर चांगलेच. दाते गुळगुळीत झाले असतील तर त्याचे फारसे वाटून घेऊ नका. कोपरा तुटून पुन्हा वेल्डिंग केले असेल तर मात्र किंमत उतरते.

३) तडा. हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर बरे, भदभद आवाज आला तर शंका घ्या. पण सैल भागही तसाच वाजतो, म्हणून खडूची परीक्षा करा. संशयाच्या जागी रॉकेल लावा, थोडे थांबा, कोरडे पुसा आणि खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ताजा रंग दिलेला असेल तर रंग खरवडल्याशिवाय ही परीक्षा होत नाही. बिडाच्या अंगाला तडा असेल तर तो भंगाराच्या भावानेही घरी आणू नका.

४) दांडी. वाकलेली दांडी म्हणजे कोणीतरी तिला पाइप घालून जोर लावला आहे. अशा वेळी मळसूत्र दुसऱ्यांदा तपासा.

५) पाय, स्प्रिंग, पट्टा. पायाचा व्हाईस असेल तर पाय कापलेला नाही ना ते बघा. जबडा मागे ढकलणारी स्प्रिंग आणि ओंडक्याला धरणारा पट्टा हे भाग बरेचदा हरवलेले असतात. त्याची काळजी नको. जुन्या गाडीच्या पाट्यातून लोहार स्प्रिंग करून देईल, पट्टाही घडवील. मात्र तो खर्च किमतीतून वजा करा.

किंमत कशी ठरवावी?

व्हाईस काट्यावर ठेवा. वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव, ही झाली खालची मर्यादा. त्याच मापाच्या नव्या व्हाईसची दुकानातली किंमत, ही वरची. माप म्हणजे जबड्याची रुंदी, ४, ५ किंवा ६ इंच.

समजा, व्हाईस २८ किलोचा आहे आणि भंगाराचा भाव किलोला ३० रुपये आहे. लोखंडाचे झाले ८४० रुपये. नवा ६,००० रुपयांना मिळतो असे धरू. मळसूत्र, जबडे चांगले असतील तर जुन्याला नव्याच्या निम्मे, म्हणजे ३,००० रुपये. स्प्रिंग आणि पट्ट्याला ५०० रुपये लागणार असतील तर २,५०० च्या वर जाऊ नये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. भाव बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

मळसूत्र आणि नट नवे करायचे असतील तर लेथवाल्याला आधी मजुरी विचारा. ती धरून बेरीज नव्याच्या जवळ जात असेल तर सरळ नवा घ्या. आणि पावती घ्यायला विसरू नका. चोरीचा माल स्वस्त मिळतो, पण शेवटी महाग पडतो.

घरी आणल्यावर

पायाचा व्हाईस जमिनीत खोल गाडलेल्या बाभळीच्या ओंडक्याला बांधा आणि पायाचे टोक दगडावर टेकवा. पाय अधांतरी राहिला तर त्याचा उपयोगच गेला. आपल्याकडचा पाऊस लोखंडाला खातो, म्हणून मिरगाआधी मळसूत्र काढून पुसा, तेल-ग्रीस द्या आणि वर पोते झाका. काम झाले की जबडे किंचित उघडे ठेवा.

एवढी काळजी घेतली तर जुना व्हाईस पुढच्या पिढीलाही पुरेल. बाजारात घाई करू नका. आधी मळसूत्र बघा, भावाचे नंतर बोला.