वाचतां न येणारें हुशार मूल

वर्गांत एखादें मूल असें असतें कीं, तें तोंडी हिशेब चटकन् सांगतें, ऐकलेली गोष्ट रंगवून पुन्हां सांगतें. परंतु पुस्तक हातीं दिलें कीं अडखळतें. ‘घर’चें ‘धर’ होतें, ‘भात’चा ‘मात’ होतो. अशा मुलास आळशी, हट्टी, नाहींतर मंद म्हणून मोकळें होण्याची आपली जुनी चाल आहे. मुंबईची आय. आय. टी. शेजारीं असल्यामुळें आमच्या पवईंत तर चौथींतल्या मुलाच्या घरींहि प्रवेशपरीक्षेच्या गोष्टी चालतात. तेथें हळू वाचणाऱ्याची फारच ओढाताण होते.

१८९६ सालीं इंग्लंडांत प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनीं अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. शिक्षण सारें तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असें त्याच्या मास्तरांचें मत होतें. या अवस्थेस डिस्लेक्सिया म्हणतात.

हिचें मूळ मेंदूच्या घडणींत आहे. बोलणें मूल आपोआप शिकतें. वाचणें तसें नव्हे. लिपि ही पांच-साडेपांच हजार वर्षांचीच. तिच्यासाठीं निसर्गानें मेंदूंत निराळी जागा राखलेली नाहीं. म्हणून जुन्याच भागांकडून नवें काम करवून घ्यावें लागतें. बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पाहिलेली आकृति ओळखणारा मागचा भाग आणि ऐकलेले ध्वनि निवडणारा कानशिलाजवळचा भाग यांची जोड सरावानें पक्की होते. मग शब्द दिसतांच त्याचा उच्चार मनांत उमटतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत वाचतांना हेच भाग कमी काम करतात, असें मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आलें आहे. दोष डोळ्यांचा नव्हे, बुद्धीचाहि नव्हे. शब्दांतले ध्वनि सुटे करून अक्षरांशीं जोडणें, हीच खरी अडचण.

देवनागरी उच्चाराप्रमाणें लिहितात, तेव्हां मराठी मुलास हा त्रास कशाचा, असें पुष्कळांस वाटतें. पण ‘कि’ ची वेलांटी पाहा! उच्चारांत ती ‘क’ नंतर, कागदावर मात्र आधीं. ‘अर्क’ मधला ‘र’ उच्चारांत ‘क’ च्या आधीं, पण लिहितांना ‘क’ च्या डोक्यावर. आपण हें सवयीनें विसरतों, इतकेंच.

हा दोष घराण्यांत उतरतो. निदान झाल्याचें सांगणाऱ्या ५० हजारांहून अधिक माणसांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या दोषाशीं निगडित ४२ ठिकाणें सांपडलीं. प्रत्येकाचा परिणाम अगदीं थोडा. तेव्हां आईनें लाड केले म्हणून मूल वाचत नाहीं, हें बोलणें आतां तरी सोडावें.

१९९६ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा मुलांस परीक्षेंत जादा वेळ वगैरे सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांगांविषयींच्या केंद्रीय कायद्यांतहि या दोषाचा समावेश झाला. मराठींतून तपासणी करण्याची साधनें मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें २०१५ सालीं तयार केलीं. इंग्रजी शाळेंतल्या मुलाची तपासणी केवळ इंग्रजींतून करणें मला पुरेसें वाटत नाहीं. घरची भाषा पाहिलीच पाहिजे.

दाखल्यानें वेळ मिळतो, वाचन येत नाहीं. त्यासाठीं ध्वनीपासून आरंभ करून रोज थोडें थोडें, एकेक अक्षर पक्कें करीत शिकवावें लागतें, आणि तें जितकें लहानपणीं तितकें बरें. पहिलींतल्या मुलास घरीं सहज विचारून पाहा : ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘पाटी’ शीं कोणता शब्द जुळतो? असले प्रश्न मुलास वारंवार अडवूं लागले, तर वर्ष वाट न पाहतां जाणकाराकडे जावें.