सुटीतील पहिली कमाई

मे महिना उजाडला, की शाळांना कुलपे लागतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : पोरे दिवसभर लोळतात! बोदवडास या तक्रारीला उन्हाची जोड मिळते. त्या दिवसांत खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शिवाय मुंबई-पुण्याप्रमाणे येथे मोठ्या पेढ्या वा कचेऱ्या नाहीत. मग चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी करावे तरी काय? आमच्या मते, अशा गावी काम शोधीत हिंडण्यापेक्षा ते निर्माण करणेच अधिक सोपे आहे.

पांढरपेशा घरांत याला पहिली आडकाठी येते ती प्रतिष्ठेची. 'आमच्या मुलाने चार पैशांसाठी लोकांच्या दारी जावे काय?' असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांस आम्ही आदरपूर्वक स्मरण देतो, की धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईस शिकत असता शिकवण्या करून आपला खर्च भागविला होता. भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेत तर 'कमवा व शिका' हे शिक्षणाचेच अंग ठरले. आपल्या खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. श्रमाने त्यांची योग्यता उणावली, असे कोण म्हणेल?

आता कामांकडे वळू. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया हे पदार्थ येथील गच्च्यांवर उन्हाळाभर वाळत असतातच. परगावी नोकरी करणाऱ्या कुटुंबांस ते हवे असतात, पण करण्यास सवड नसते. मुलांनी त्यांच्याकडून आगाऊ मागणी घ्यावी, वजन करून पुड्या बांधाव्या आणि रोजकीर्द लिहावी. डाळ, तेल, जळण आणि टपालखर्च वजा जाता उरते ती कमाई, हा हिशेब एकदा स्वतः मांडला म्हणजे नफातोट्याचे गणित जन्मभर विसरत नाही. दुसरे काम पुस्तकांचे. वरच्या वर्गांची जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून, अभ्यासक्रम बदलला नाही याची खात्री करून, ती नीट बांधावी व जूनमध्ये अल्प किमतीत विकावी. शेजारच्या लहानग्यांस पाढे शिकविणे किंवा दुकानदाराची मालाची यादी करून देणे, हीही कामे सावलीत बसून होण्याजोगी आहेत.

येथे गृहिणींस व गृहस्थांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. पापड लाटणारी बहुधा घरातील मुलगी असते आणि पुड्या पोहोचविणारा मुलगा. मग पैसे मात्र मुलाच्या हाती पडतात व मुलीचे श्रम 'घरचे काम' म्हणून जमेस धरले जात नाहीत. ज्या घरात असे होते, तेथे मुलगा उद्योग शिकतो आणि मुलगी आपल्या श्रमास मोल नाही एवढेच शिकते. वाटणी कामाच्या तासांवर व्हावी आणि ती वहीत लिहिलेली असावी.

मूल दुसऱ्याकडे कामास जाणार असेल, तर कायदाही ठाऊक हवा. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळा सांभाळून घरच्या, धोका नसलेल्या उद्योगात हातभार लावण्यापुरती सवलत आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत. आमचा स्वतःचा नियम याहून साधा आहे : उन्हे चढण्यापूर्वी बाहेरची कामे आटोपावी, मोबदला आधी ठरवावा आणि तो मुलाच्याच हाती द्यावा.

हाती आलेल्या पैशांचे काय करावे? दहा वर्षांवरील मुलास टपाल कचेरीत स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. ते उघडून द्यावे व त्यातील रक्कम कशी खर्चावी हे त्यास ठरवू द्यावे. एखादे वेळी ती वाया जाईल. पण एवढ्या लहान रकमेत मिळालेला धडा पुढच्या मोठ्या चुकीपेक्षा स्वस्तच पडतो. एकत्र कुटुंबात सल्ला देणारे पुष्कळ असतात. सुटीपुरते त्यांनी हिशेबाची वही तपासावी आणि निर्णय मात्र मुलांवर सोपवावा.