काळ्या रंगामागची हाक

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या बहिणीची मुलगी शिक्षणासाठी पुण्याला आमच्याकडे राहायला आली. रिक्षातून तिच्या बॅगा उतरवून घेताना मला वाटलं, प्रवासात मळू नयेत म्हणून काळे कपडे घातले असतील. आठवडाभरात माझा गैरसमज दूर झाला. दोरीवर वाळत घातलेले तिचे सगळेच कपडे काळे होते. नखांना काळा रंग, बोटात कवटीची अंगठी आणि भर पावसाळ्यात पायात काळे जाडजूड बूट. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "भाचीच्या घरी कुणी गेलं का हो?"

कुणी गेलं नव्हतं. मुलगी एकोणीस वर्षांची, हुशार, बोलायला मृदू. पण तिच्या खोलीचा पडदा दिवसाही ओढलेला असायचा. भिंतीवर तिनंच पेन्सिलीनं काढलेली चित्रं होती. पडका वाडा, पानं झडलेलं झाड, पाठमोरी मुलगी. कॉलेजातून आली की ती खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मित्र नाही, मैत्रीण नाही. सोलापूरहून बहिणीचा रोज फोन. एकदा ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाहेरचं काही नसेल ना गं?"

मी बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली, असल्या गोष्टी न मानणारी बाई. तरी त्या अमावास्येला मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या तिच्यावरून उतरवून टाकल्याच. ती शांतपणे उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, ठसका लागला तर दृष्ट असते की नसते?" मला हसू आलं आणि लाजही वाटली.

पण खरी चूक मी पुढेच केली. श्रावणात घरी सत्यनारायण होता. सकाळी तिला म्हटलं, "निदान आज तरी ते काळं नको गं. चार माणसं येणार. माझा मोतिया रंगाचा ड्रेस काढून ठेवलाय." तिनं मान हलवली आणि ती आत गेली. ती बाहेर आलीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगत राहिले, "तिला जरा बरं नाही." प्रसादाची वाटी तिच्या दाराशी ठेवली होती. संध्याकाळी पाहिलं, तर वाटीला मुंग्या लागल्या होत्या.

त्या रात्री पावसानं दिवे गेले. मी स्वयंपाकघरात अंधारातच खुर्चीवर बसले होते. ती पाणी प्यायला आली. मी म्हटलं, "बस." काही वेळ दोघीही बोललो नाही. मग तीच बोलायला लागली. म्हणाली, "मला भुतांची आवड आहे असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये. कॉलेजात सगळे दिवसभर बोलतात, पण कुणी काही सांगत नाही. मला कुणीतरी असं हवंय की ज्याला मी मनातलं अगदी तळाचं सांगेन आणि तो घाबरून उठून जाणार नाही." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू कधी कुणाला सगळं सांगितलंयस, मावशी?"

मला उत्तर देता आलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दोन मुलं वाढवली. पण त्या प्रश्नानं मला एकदम मिरजेच्या घरातल्या माळ्यावर नेऊन बसवलं. सतरा-अठरा वर्षांची मी, वाचनालयातून आणलेलं नारायण धारपांचं पुस्तक बॅटरीच्या उजेडात वाचणारी. आई म्हणायची, "असलं वाचून डोकं फिरेल." मला तरी भुतं कुठे हवी होती? त्या गोष्टींतल्या माणसांच्या मनात जे चालायचं, ते निदान खोटं गोड नसायचं, म्हणून मी वाचत होते. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी एक इंग्रजी पुस्तक होतं, 'फ्रँकेन्स्टाइन'. मी ते डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचलं. मग ते लिहिणाऱ्या मेरी शेलीविषयी मिळेल ते वाचलं आणि थक्क झाले. कारण ती आमच्याच घरातल्या मुलीची कुणी पणजी शोभली असती.

मेरीचा जन्म लंडनमधला, ३० ऑगस्ट १७९७चा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी नामवंत लेखिका. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी ती गेली. वडील विल्यम गॉडविन मोठे विचारवंत. मुलगी चार वर्षांची असताना त्यांनी दुसरं लग्न केलं आणि सावत्र आईशी मेरीचं कधी जमलं नाही. मग ही मुलगी पुस्तकं घेऊन सेंट पँक्रसच्या दफनभूमीत आईच्या कबरीपाशी जाऊन बसे. थडग्यावर कोरलेल्या आईच्या नावावर बोट फिरवून ती अक्षरं शिकली, असं सांगतात. आईचं आणि तिचं नाव एकच होतं. आज एखादी मुलगी रोज अशी स्मशानात जाऊन बसू लागली, तर आपण तिला कुठे कुठे घेऊन जाऊ, याचा विचार मी करत राहिले.

त्याच कबरीपाशी, सोळा वर्षांची असताना, तिनं कवी शेलीला आपलं प्रेम सांगितलं. तो विवाहित होता. जुलै १८१४मध्ये दोघं पळून गेले. लग्नसंस्थेवर कठोर टीका लिहिणाऱ्या वडिलांनी मुलीचं तोंड पाहायचं नाकारलं. ती दोघं लग्न करीपर्यंत, म्हणजे १८१६च्या डिसेंबरपर्यंत, त्यांनी तिला जवळ केलं नाही. मधल्या काळात, १८१५मध्ये, तिची पहिली मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली आणि काही दिवसांत गेली. थोड्याच दिवसांनी मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं. बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं, असं ते स्वप्न होतं. जाग आल्यावर बाळ नव्हतं.

एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याच्या परिणामानं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनच्या घरी ही मंडळी जमली होती. पावसानं बाहेर पडता येईना, तेव्हा बायरन म्हणाला, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. रोज सकाळी मेरीला विचारलं जाई, "सुचली का गोष्ट?" आणि तिला नाही म्हणावं लागे. अखेर एका रात्री ती सुचली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. जानेवारी १८१८मध्ये, म्हणजे इकडे आपली पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा, तिकडे हे पुस्तक लेखिकेच्या नावाविना बाहेर पडलं.

सिनेमांमुळे आपला समज असा, की फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव आणि तो मुका, ठोंब्या. पुस्तकात तसं नाही. फ्रँकेन्स्टाइन हा त्याला घडवणारा तरुण. घडवलेल्या जीवाला नावच नाही. तो जीव डोळे उघडतो, त्याचं रूप पाहून त्याचा निर्माता घाबरून पळून जातो, आणि तिथून सगळा अनर्थ सुरू होतो. तो जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. महिनोन्‌महिने फटीतून त्यांचं हसणं-रडणं पाहतो, त्यांची भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. एक दिवस धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हाताऱ्याला रूप दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. तो मायेनं बोलतो. एवढ्यात बाकीचे येतात, त्याला पाहतात आणि काठीनं झोडपून काढतात.

हे प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं. मला आमच्या स्वयंपाकघरातली ती रात्र आठवली. दिवे गेले होते, म्हणून मला तिचे कपडे दिसले नव्हते, आवाज तेवढा ऐकू आला होता. दिवे असते तर मी काय केलं असतं? बहुधा म्हटलं असतं, "ते नखांचं काढ आधी."

तो जीव आपल्या निर्मात्याकडे शेवटी काय मागतो? माझ्यासारखा एक सोबती दे, एवढंच. पुढे तो खून करतो, हे खरं. मेरीनं त्याला निर्दोष ठरवलेलं नाही. पण हाक ऐकली गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न तिनं वाचकासमोर ठेवलाय. आणि हे पुस्तक तिनं अर्पण कुणाला केलं? वडिलांना, विल्यम गॉडविन यांना.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलांनी काळं घालावं, अंधारात बसावं आणि आपण कौतुक करावं? तसं मी म्हणत नाही. २०१५ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. पंधराव्या वर्षी स्वतःला 'गॉथ' म्हणवणाऱ्या, म्हणजे हाच काळा पोशाख आणि असंच संगीत आपलं मानणाऱ्या मुलांमध्ये पुढे नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. पण पोशाखामुळे नैराश्य येतं असं यावरून ठरत नाही आणि बहुतेकांना तसा त्रास झाला नाही, हेही संशोधकांनी सांगितलं. म्हणजे काळजी घ्यायची ती मुलाची, कपड्यांची नव्हे.

आणि जी मुलं काहीच दाखवत नाहीत, त्यांचं काय? मेरीची थोरली बहीण फॅनी, आई तीच पण वडील वेगळे, त्याच घरात वाढली. तिच्याकडे सगळे समजूतदार मुलगी म्हणून पाहत. मेरीचं पुस्तक लिहून होत असतानाच, ऑक्टोबर १८१६मध्ये, बावीस वर्षांच्या फॅनीनं आपलं आयुष्य संपवलं. मूल जगण्यावरची इच्छा उडाल्याचं बोलत असेल, जेवण-झोप सोडत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर दृष्ट काढत बसू नये आणि उपदेशही करू नये. डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.

आमच्या भाचीचं म्हणाल, तर चमत्कार काही झाला नाही. ती अजून काळंच घालते. पडदा मात्र अर्धा उघडा असतो. कॉलेजातल्या नाटकाच्या नेपथ्यासाठी तिनं पडका वाडा रंगवला, तिथे तिला एक मैत्रीण मिळाली. ती मुलगी भडक पिवळे कपडे घालते आणि खळखळून हसते. दोघी गच्चीवर तासन्‌तास बोलतात. हवं होतं ते सगळं मिळालं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "सगळं नाही. पण आता वाट बघायला बरं वाटतं." मेरीलाही सगळं मिळालं नाही. चोविसाव्या वर्षी तिचा नवरा समुद्रात बुडून गेला, चारांतलं एकच मूल जगलं. पण ती लिहीत राहिली, तिनं मुलाला वाढवलं, नवऱ्याच्या कविता संपादित करून लोकांपुढे ठेवल्या. १८५१मध्ये ती गेली, तेव्हा मुलानं आणि सुनेनं तिच्या आईवडिलांचे अवशेष लंडनहून हलवून बोर्नमथला तिच्या शेजारी आणले. आईची ती कबर अखेर तिच्यापाशी आली.

गेल्या संक्रांतीची गोष्ट. आपल्याकडे वर्षातून हा एकच सण असा, की काळं नेसलं तर कुणी नाव ठेवत नाही, उलट कौतुक होतं. मी कपाटाच्या तळातून माझी चंद्रकळा काढली. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सासूबाईंनी घेतलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. भाची दारात उभी राहून पाहत होती.

"नेसतेस?" मी विचारलं.

"मला नेसता येत नाही. आणि तू काय नेसणार?"

"आईची आहे एक. तीही काळीच."

तिला साडी नेसवताना माझ्या लक्षात आलं, दोन वर्षांत मी तिच्या इतकी जवळ कधी उभी राहिले नव्हते. संध्याकाळी हळदीकुंकवाला त्या जिन्यातल्या आजी आल्या. आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहत म्हणाल्या, "अगदी मावशीवर गेलीय हो पोर."

मी तिळगूळ पुढे केला आणि म्हटलं, "हो. थोडीशी."